त्वचेच्या वाटेने : प्रस्तावना

विष म्हटले की आपल्या मनात प्याला येतो, घास येतो, फार तर सर्पाचा दात येतो. परंतु जे विष घरातल्याच माणसाने, मायेच्या हाताने, दुखऱ्या गुडघ्यावर चोळले, तान्ह्याच्या छातीला लावले किंवा मुलीच्या केसांत जिरवले, त्याचे चित्र मनापुढे सहसा उभे राहत नाही. मुखावाटे जे पोटात जाते त्याविषयी आपला समाज कमालीचा दक्ष आहे. पथ्य-कुपथ्य, शिळे-ताजे, उष्ण-शीत, कोणाच्या हातचे चालते आणि कोणाच्या हातचे चालत नाही, असा केवढा तरी विधिनिषेधांचा पसारा त्याने तोंडाभोवती मांडून ठेवलेला आहे. आणि अंगाच्या बाबतीत मात्र, वरून लावलेले वरच राहते, अशी त्याची निर्धास्त समजूत आहे. ही समजूत, आणि तिच्यापायी कोणाच्याही मनात काडीचे पाप नसताना घडणारे अपघात, हा पुढील प्रकरणांचा विषय आहे.

या समजुतीचा सर्वांत घातक परिणाम लेप लावताना होत नाही, तो त्यानंतर होतो. मूल निपचित पडले, म्हातारा बरळू लागला, म्हणजे दवाखान्यात पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘घरी काही औषध दिले होते का?’ हा, आणि त्याचे उत्तर अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ असे येते, कारण अंगाला लावलेल्या वस्तूची गणना दिलेल्या औषधात होतच नाही. विचारणाऱ्याने त्वचेविषयी विचारलेले नसते आणि सांगणाऱ्याच्या लेखी त्यात सांगण्यासारखे काही नसते. त्यामुळे रोग्याची कैफियत लिहून होते, सही-शिक्का होतो, आणि खरे कारण दप्तराबाहेरच राहते. घरगुती लेपांत विष आहे, ही गोष्ट नवी नाही. ते विष कोणाच्याच हिशेबात धरले जात नाही, हे माझ्या मते या विषयाचे मर्म आहे.

विवेचनासाठी नंदुरबार जिल्हा निवडला आहे, तो तेथील लोकांचे अज्ञान चव्हाट्यावर मांडावे म्हणून नव्हे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेला हा जिल्हा दक्षिणेकडे तापीच्या काळ्या जमिनीत, तर उत्तरेकडे सातपुड्याच्या रांगा ओलांडून थेट नर्मदेच्या काठापर्यंत पसरला आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे त्याच्या लोकसंख्येत सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. भिल्ल, पावरा, गावित, कोकणा, तडवी अशा अनेक जमाती येथे नांदतात. जुन्या अक्राणी महालातील, म्हणजे आजच्या धडगाव तालुक्यातील, किंवा अक्कलकुव्याच्या मोलगी भागातील कित्येक पाड्यांवरून आजही रोग्याला झोळीत घालून डोंगर उतरावा लागतो, आणि सरदार सरोवराच्या फुगवट्याकाठच्या वस्त्यांसाठी शासनाला तरंगता दवाखाना चालवावा लागला आहे. जिल्ह्याला स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले तेच मुळी २०२० साली. अशा मुलखात अपरात्री ठणकणाऱ्या पायाला पाला बांधणे हा अडाणीपणा नव्हे. उपलब्ध साधनांतून केलेली ती तजवीज आहे. म्हणूनच तिची चिकित्सा तिला हसून होणार नाही.

त्वचेतून काय आत जाते आणि काय जात नाही, याचा पहिला धडा या जिल्ह्यात पुस्तकावाचून मिळण्यासारखा आहे. नंदुरबारची मिरची प्रसिद्ध आहे, आणि हंगामात शहराच्या आसपासच्या पथाऱ्यांवर लाल मिरचीचे सडे वाळत पडलेले असतात. तेथे दिवसभर मिरची निवडणाऱ्या बायांच्या हातांची जी आग होते ती पाण्याने शमत नाही. तेल किंवा ताक चोळले म्हणजे थोडा आराम पडतो. मिरचीतला तिखट अंश पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतो, आणि आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा मृत पेशींचा थर स्निग्ध द्रव्यानेच सांधलेला असल्यामुळे जे तेलात मिसळते त्याला तो थर फारसा अडवीत नाही. आता आपल्या घरगुती उपचारांची यादी डोळ्यांपुढे आणावी: कापूर खोबरेलात, पाला एरंडेलात, चूर्ण तुपात, मुळी गोडेतेलात! म्हणजे विषाला पार होण्यासाठी जे वाहन हवे, नेमके तेच आपण पिढ्यान्‌पिढ्या त्याला पुरवीत आलो आहोत. त्यावर पट्टी घट्ट बांधली, शेक दिला, किंवा लेपाखालची कातडी भाजलेली, खरचटलेली, खरजेने फुटलेली असली, म्हणजे उरलासुरला अडसरही निघतो.

सर्व अंगाची त्वचा सारखी नसते, हीही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९६७ साली फेल्डमन आणि मेबॅक या अमेरिकन संशोधकांनी हायड्रोकॉर्टिझोन हे द्रव्य शरीराच्या निरनिराळ्या भागांवर लावून मोजणी केली, तेव्हा हाताच्या कोपरापुढील भागाच्या मानाने डोक्याच्या त्वचेतून ते सुमारे साडेतीन पट, कपाळातून सहा पट आणि वृषणावरील त्वचेतून तब्बल बेचाळीस पट शोषले जाते, असे आढळले. तान्ह्या मुलाची गोष्ट तर याहून निराळी. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्या माणसाच्या दुपटीहून अधिक असते, आणि जो बोटभर लेप आजोबांना सोसतो तोच नातवाला भारी पडू शकतो. वैद्यकाने या मार्गाचा उपयोगही करून घेतला आहे: प्रवासात मळमळ होऊ नये म्हणून कानामागे चिकटवायच्या, स्कोपोलामाइन नावाच्या द्रव्याच्या पट्टीला अमेरिकेत १९७९ साली मान्यता मिळाली, आणि हे द्रव्य आपल्या उकिरड्यावरच्या धोतऱ्यातही आहे. तेव्हा एकाच वाटेने मापलेली मात्रा गेली म्हणजे तिला औषध म्हणायचे आणि न मापलेली गेली म्हणजे ‘वरून लावले आहे, त्याला काय होते’ म्हणून सोडून द्यायचे, हे तर्काला धरून नाही.

आपल्या पूर्वजांना हा मार्ग ठाऊक नव्हता असेही नाही. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पहिल्याच अध्यायात राजाच्या अन्नाचे रक्षण कसे करावे ते सांगितले आहे, हे पुष्कळांना माहीत असते. परंतु त्याच अध्यायात अभ्यंगाचे तेल, उटणे, अंगावर घ्यावयाचे पाणी, अनुलेपन, अंजन, अलंकार, इतकेच काय पण पादत्राणे यांच्या द्वारा होणाऱ्या विषप्रयोगाची लक्षणेही दिलेली आहेत. चरकाने भल्लातकाला, म्हणजे आपल्या बिब्ब्याला, रसायनांत मानाचे स्थान दिले, आणि तो अग्नीसारखा तीक्ष्ण आहे असेही बजावले. विटेच्या चुऱ्यात घोळून त्याचे तेल शोषून घेतल्यावाचून वैद्य त्याला औषधात घालीत नसत. बिब्बा, बचनाग, धोतरा, रुई, हरताळ, पारा, मोरचूद या साऱ्यांची नावे आजच्या औषधविषयक कायद्याच्या ‘ई-१’ या परिशिष्टातही विषारी द्रव्ये म्हणून नोंदलेली आहेत. शास्त्राने आणि कायद्याने धोका ओळखला होता. ओळख विसरली ती घराघरांत, जिथे शोधनाची खटपट गळून पडली आणि ‘बिब्बा लाव’ एवढीच आज्ञा शिल्लक राहिली.

बिब्ब्याचेच उदाहरण जवळून पाहू. सातपुड्याच्या उतारावर ही झाडे आहेत आणि पायात मोडलेल्या काट्यावर, टाचेच्या भेगांवर, चमक भरलेल्या पाठीवर त्याचा चटका देण्याची चाल सर्व महाराष्ट्रात आहे. सुई किंवा दाभण बिब्ब्यात खुपसायची, दिव्याच्या ज्योतीवर धरायची, चरचर आवाज होऊन काळेभोर तेल पाझरू लागले की ते थेंबाथेंबाने दुखऱ्या जागी टेकवायचे. त्या क्षणी वेदना थांबल्यासारखी वाटते आणि उपचार यशस्वी ठरतो. परंतु एक-दोन दिवसांनी त्या जागेभोवती लाली चढते, खाज सुटते, पाण्याने भरलेले फोड येतात, आणि हात जिथे जिथे लागला तिथे तिथे, पापण्यांवर, ओठांवर, जांघेत, सूज पसरत जाते. याला आपल्याकडे ‘बिब्बा उतला’ म्हणतात आणि खोबरे, तीळ खाऊन व लावून तो शांत होण्याची वाट पाहतात. पुष्कळदा तो शांत होतोही. म्हणूनच सारे काही कातडीपुरतेच असते अशी समजूत पक्की होते. परंतु १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय नोंदीत बिब्ब्याच्या चिकाशी संबंध आल्यानंतर मूत्रपिंडाचा बाह्य भाग मृत झाल्याचे वर्णन आहे. ज्याच्या पायाला बिब्बा लावला त्याची लघवी दोन दिवसांनी कमी झाली, तर पाय आणि लघवी यांचा संबंध कोण जोडणार? तो जोडता यावा, यासाठी पुढील एक संपूर्ण प्रकरण खर्ची घातले आहे.

धोतऱ्याची तऱ्हा याहून फसवी आहे. सुजलेल्या सांध्यावर धोतऱ्याचे पान तेल लावून, शेकून बांधतात. पानातील द्रव्ये पुरेशी आत गेली म्हणजे तोंडाला कोरड पडते, कातडी तापते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, लघवी अडते, आणि मग माणूस भलतेच बोलू लागतो, नसलेल्या वस्तू हवेतून वेचू लागतो, घरच्यांना ओळखेनासा होतो. हे चित्र पाहून ‘बाहेरची बाधा’ झाली असे घरच्यांना वाटले तर त्यात नवल ते कोणते? भगताला किंवा बडव्याला बोलावणे जाते, आणि गुडघ्यावरची पट्टी, जी प्रथम सोडायला हवी, ती रात्रभर तशीच राहते. बचनागाचा लेप मुंग्या आणि बधिरता आणून दुखणे शमवतो, आणि मात्रा वाढली की हृदयाची गती बिघडवतो. हा केवळ वनवासींचा खुळेपणा, असे कोणी म्हणू नये. बचनाग, बेलाडोना आणि क्लोरोफॉर्म यांचे चोळण्याचे औषध इंग्रजी दवाखान्यांतून राजरोस दिले जात असे.

आता धोतऱ्याच्या अगदी उलट लक्षणांचे एक विष घ्या. शाळकरी मुलीच्या डोक्यात उवा झालेल्या असतात. वेणी सुटत नाही, मानेशी फोड येतात, आश्रमशाळेतून तक्रार येते. घरात कापसावर किंवा मिरचीवर मारून उरलेली फवारणीच्या औषधाची बाटली छपरात खोचलेली असते. बोंडअळी मरते तर ऊ का मरू नये, हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड आहे. बाटलीच्या टोपणातले औषध खोबरेलात मिसळून ते केसांच्या मुळांशी चोळतात आणि उवा पळू नयेत म्हणून वर फडके घट्ट गुंडाळतात. खाजवून सोललेली डोक्याची त्वचा, तेल, उष्णता आणि बंद फडके! शोषणाला अनुकूल अशी एकही गोष्ट त्यात राहून गेलेली नसते. औषध मोनोक्रोटोफॉसच्या जातीचे असले तर थोड्याच वेळात मुलीला घाम फुटतो, लाळ गळू लागते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू फडफडतात आणि श्वास घुसमटतो. यावर डॉक्टर जे ॲट्रोपीन टोचतात, ते धोतऱ्यातही असते. एका लेपातले विष दुसऱ्या लेपातल्या विषावर उतारा ठरते. म्हणून कोणता लेप होता हे कळणे, हा जीवन-मरणाचा प्रश्न होतो. धोतऱ्याने बरळणाऱ्याला ॲट्रोपीन देणे म्हणजे त्याच्या विषात भर घालणे होय.

तान्ह्या मुलांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागला. सर्दीवर कापूर-तेल छातीला चोळणे ही तर सर्व जातींची, सर्व मजल्यांची रीत. परंतु कापराने लहान मुलांना झटके येतात, हे इतके निर्विवाद आहे की अमेरिकेत कापराचे तीव्र तेल १९८० नंतरच्या काळात बाजारातून काढून टाकण्यात आले. डांबरगोळ्यांत ठेवलेली दुपटी न धुता, न वाळवता बाळाला गुंडाळणे आणि हौसेने त्याच्या तळहातापायांना मेंदी लावणे, या दोन निरुपद्रवी दिसणाऱ्या गोष्टी जी६पीडी या विकराची उणीव असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी फोडून तीव्र कावीळ आणू शकतात. ही उणीव, सिकलसेलप्रमाणेच, पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाच्या छायेत राहिलेल्या लोकसमूहांत अधिक आढळते. भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे, हे सर्वश्रुत आहे. म्हणून हा इशारा या जिल्ह्याला विशेष लागू पडतो.

येथे पाश्चात्त्यांनाही गर्व करण्याचे कारण नाही. १८८६ साली इंग्लंडमध्ये नवजात बालके निळी पडू लागली, तेव्हा लंगोटांवर मारलेल्या शिक्क्यांच्या शाईतील ॲनिलिन कातडीतून आत जात असल्याचे उघडकीस आले. आणि १९७२ साली फ्रान्समध्ये एका नामांकित टाल्कम पावडरीत हेक्झाक्लोरोफीन चुकून प्रमाणाबाहेर मिसळले गेल्याने ३६ बालके दगावली. तेथे भगत नव्हता, पाडा नव्हता. होते ते केवळ त्वचेविषयीचे तेच दुर्लक्ष.

खनिजांचे प्रकरण आणखी गुंतागुंतीचे आहे. मुर्दाडशिंग, शेंदूर, मोरचूद, हिंगूळ, रसकापूर ही नावे जुन्या गांध्याच्या दुकानातील फळीवरून आजही खाली उतरलेली नाहीत. खरूज, नायटा, भाजलेली जखम यांवर त्यांची मलमे होतात. मुर्दाडशिंग म्हणजे शिशाचा एक प्राणिद; भाजल्यावर आणि घामाच्या वासावर तो लावला गेल्याने मुलांच्या रक्तात शिसे वाढल्याचे आढळून अमेरिकी शासनाला २००३ साली इशारा काढावा लागला. अखंड कातडीतून शिशाचे क्षार फार थोडे शिरतात हे खरे. परंतु उघड्या जखमेतून, आणि लेप लावलेल्या हातावरून तोंडात, ते जायचे तितके जातात. पाऱ्याची गोष्ट अलीकडेच आपल्या दाराशी आली: अकोल्यातील एकाच कुटुंबातील तीन स्त्रियांना मूत्रपिंडाचा विकार जडला, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासात त्याचा माग चेहरा उजळण्याच्या एका क्रीममधील पाऱ्यापर्यंत गेल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले.

या सर्व उदाहरणांतून एक सूत्र हाती लागते. जुन्या उपचाराला जुने लगाम होते: कोणत्या ऋतूत तोडावे, कशात शिजवावे, किती दिवस लावावे, कोणाला मुळीच लावू नये, हे जाणणारी एखादी सुईण, एखादा जडीबुटीवाला पाड्यावर असे, आणि त्याच्या चुकीचा जाब त्याला त्याच पाड्यावर द्यावा लागे. आज रीत जुनी राहिली आहे, परंतु माल नवा आला आहे. पाल्याच्या जागी बाटली, सुईणीच्या हातच्या चिमटीच्या जागी बाजारातली पुडी, आणि पुडीवर ना नाव ना प्रमाण. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर प्राणास मुकले आणि शेकडो रुग्णालयांत दाखल झाले, तेव्हा भिजल्या कपड्यांतून आणि श्वासातून विष कसे आत जाते ते महाराष्ट्राने वर्तमानपत्रांतून वाचले. त्या दुर्घटनेची चौकशी झाली, कारण ती शेतात आणि घाऊक प्रमाणात घडली. तीच बाटली घरात, एका मुलीच्या डोक्यावर, एका वेळी एक अशा हिशेबाने काम करते, तेव्हा ना पंचनामा होतो, ना अहवाल.

असे का व्हावे? याचे एक उत्तर वर आलेच आहे. दुसरे उत्तर मात्र आम्हा सुशिक्षितांना लागू पडते. ज्या आईने लेप लावला तिला तो सांगण्याची भीती वाटते, कारण मागल्या खेपेला कोणीतरी तिच्यावर खेकसलेले असते. गळ्यातला ताईत, पोटावरचा डाग, केसांतले तेल पाहून तिची भाषा न जाणणाऱ्या माणसांनी आपसांत हसू केलेले असते. पावरी किंवा भिलोरी बोलणाऱ्या बाईला प्रमाण मराठीत उलटतपासणी घेतल्यासारखे विचारले, तर तिने मौन पत्करणे हेच स्वाभाविक होय. तिचे मौन हा अपराध नव्हे. ती आपल्या वागणुकीची पावती आहे.

पुढील प्रकरणांची मांडणी याच दृष्टीने केली आहे. द्रव्यांच्या शास्त्रीय वर्गीकरणाऐवजी लक्षणांपासून आरंभ केला आहे, कारण दारात रोगी येतो तो लक्षणे घेऊन येतो. प्रत्येक लक्षणाखाली कोणकोणते लेप संभवतात, ते अंगावर कुठे शोधावेत, आणि घरच्यांना कसे विचारावे, हे दिले आहे. प्रथमोपचार सर्वत्र जवळजवळ एकच आहे आणि तो येथेही सांगून ठेवणे इष्ट: लेप व पट्टी काढावी, भिजलेले कपडे उतरवावेत, अंग आणि केस साबणाने व भरपूर वाहत्या पाण्याने धुवावेत, धुणाऱ्याने आपले हात जपावेत, विष काढण्यासाठी म्हणून दुसरे तेल मुळीच चोळू नये, आणि १०८ ला बोलावून रोग्याबरोबर ती बाटली, ती पुडी, तो पाला दवाखान्यात न्यावा. आशा, अंगणवाडी सेविका, आश्रमशाळेतील अधीक्षिका आणि नव्याने बदलून आलेले वैद्यकीय अधिकारी, हा या लेखनाचा प्रथम वाचक आहे. परंतु ज्या भगतांकडे आणि सुईणींकडे लोक आधी जातात त्यांना वगळून हे काम होईल, असा भ्रम लेखकाने बाळगलेला नाही.

सर्व घरगुती उपचार टाकून द्यावेत असा पुढील पानांचा आग्रह नाही. आग्रह इतकाच, की तोंडावाटे जाणाऱ्या वस्तूला आपण जो विवेक लावतो तोच अंगाला लावायच्या वस्तूलाही लावावा. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत प्रत्येक केसपेपरावर, ‘काय खाल्ले, काय प्याले’ याच्या खाली, ‘गेल्या आठवड्यात अंगाला, केसांना, डोळ्यांत काय लावले’ अशी आणखी एक ओळ छापावी. ती छापण्यास नवी इमारत लागत नाही, नवे यंत्र लागत नाही, अंदाजपत्रकात वेगळी तरतूदही लागत नाही. ती भरून घेण्यास मात्र विचारणाऱ्याचा आवाज खाली यावा लागतो. आणि तेवढी अट जेथे पाळली जाईल तेथे आजवर दप्तराबाहेर राहिलेल्या या विषबाधांची मोजदाद पहिल्याने सुरू होईल.